‘३२-बिट’ पेडल आणि पंधरावी पिन

ड्रायव्हिंग सिम्युलेटरसाठी गेल्या दिवाळीत तीन पेडलांचा सेट घेतला. बनवणारा छोटा कारागीर आहे, नाव लिहीत नाही. किंमत साडेअकरा हजार. जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘३२-बिट एआरएम प्रोसेसर’. बायको म्हणाली, खरी गाडी खाली धूळ खातेय आणि हा वर बसून खोटा ब्रेक दाबतोय. असो.

लोखंडकाम झकास. लेझर कटिंगच्या कडा घासलेल्या, वेल्डिंग स्वच्छ, दणकून पाय मारला तरी फ्रेम हलत नाही. मी सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या धातूकामाच्या मशीनवर काम करतो, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच जाते. प्रश्न पुढे सुरू झाले.

आधी ॲक्सिलरेटर. त्याला साधा पॉट लावलाय, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा फिरता रोधक. तो २७० अंश फिरतो, पण पेडल पूर्ण दाबलं तरी फिरतो जेमतेम २७. म्हणजे मोजपट्टीचा दहावा भागच वापरात. मित्राच्या जुन्या सेटमध्ये एटमेगा ३२यू४ चिप आहे, तिचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, १० बिटांचा, म्हणजे १०२४ पायऱ्या. त्यातल्या पायाखाली येतात शंभरेक. गेम कॅलिब्रेशनमध्ये त्या ताणून शून्य ते शंभर टक्के दाखवतो, पण ताणल्यानं पायऱ्या वाढत नाहीत. माझ्या सेटमधल्या एसटीएम३२चा (हाच तो जाहिरातीतला प्रोसेसर) एडीसी १२ बिटांचा, ४०९६ पायऱ्या, त्यामुळे हातात चारशेच्या वर. मॉन्झा या इटलीतल्या रेस ट्रॅकच्या शेवटच्या लांब वळणातून निघताना हा फरक कळतो. मित्राच्या पेडलवर जोर एकेक टक्क्यानं उडी मारतो आणि मागचं चाक सुटतं, माझ्यावर सरकत जातो. पाय न लावताही वाचन दोन-तीन पायऱ्या थरथरतं. पण ही चिप इतकी वेगवान आहे की सोळा वाचनांची सरासरी काढूनही उशीर जाणवत नाही. इथे प्रोसेसरचे पैसे वसूल.

खरं सांगायचं तर पॉटला तीनास एक असं छोटं दातेरी चाक लावलं असतं, तर जुन्या चिपवरही तीनशे पायऱ्या मिळाल्या असत्या. पण दातेरी चाक जाहिरातीत ठळक अक्षरांत कोण छापणार?

आता ब्रेक. तिथे लोड सेल आहे, म्हणजे पेडल किती सरकलं ते नाही, किती जोर दिला ते मोजलं जातं. हे उत्तमच. पण पहिले दोन आठवडे मी प्रत्येक वेळी पहिल्या शिकेनच्या (वेग कमी करायला लावणाऱ्या नागमोडी वळणाच्या) पुढे जाऊन थांबत होतो. वाटलं, आपलंच वय झालं. मग रॉ व्हॅल्यूचा, म्हणजे पेडलकडून येणाऱ्या कच्च्या आकड्यांचा आलेख लावला, तर रेघ जिन्यासारखी! सेकंदाला दहाच पायऱ्या.

लोड सेलचा सिग्नल एचएक्स७११ ही वेगळी चिप मोजते. ती २४ बिटांची आहे, पण सेकंदाला १० किंवा ८० वेळाच आकडा देते. किती, ते तिची पंधरावी पिन ठरवते. स्वस्त हिरव्या बोर्डावर ती ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला जोडलेली असते, म्हणजे १०. पुढचा प्रोसेसर ३२ बिटांचा असो नाहीतर सोन्याचा, तो नवा आकडा यायची वाट बघत बसतो. २७० किमी वेगात गाडी सेकंदाला ७५ मीटर जाते, दहाव्या हिश्श्यात साडेसात मीटर. माझं म्हातारपण एवढ्या लांबीचं होतं.

कारागिराला फोन केला तर उत्तर, “साहेब, दहा पुरतात हो, कुणाचीच तक्रार नाही.” शेवटी भिंग लावून सुईनं पिन अलगद उचलली आणि शेजारच्या सोळाव्या, म्हणजे सप्लायच्या पिनेला सोल्डर केली. पाऊण तास, घाम वेगळा, आणि वॉरंटीवर पाणी. आता ८० आकडे येतात, उशीर एका मीटरच्या आत. नॉइज, म्हणजे सिग्नलमधली थरथर, चिपच्या डेटाशीटनुसार (माहितीपत्रकानुसार) ५० नॅनोव्होल्टवरून ९० वर जातं, पण इथे पाय पन्नास किलोच्या बेतानं जोर देतो, त्यात ते कुठे दिसणार?

पाचपैकी साडेतीन. सोल्डरिंग येत असेल तर घ्या. नसेल तर ऑर्डर देण्याआधी एकच विचारा, ब्रेकचे आकडे सेकंदाला किती येतात. क्लचबद्दल मत नाही, ते पेडल अजून जोडलेलंच नाही. सध्या त्यावर सोल्डरिंगचा स्टँड ठेवलाय, छान बसतो.