लग्न जमण्याच्या तीन गोष्टी आणि आणखी दोन चित्रपट

मी लातूरला राहते आणि सवड मिळेल तसे मराठी चित्रपट पाहते. चित्रपटकलेचे शिक्षण मी घेतलेले नाही, त्यामुळे कॅमेरा आणि संकलन यांच्याबद्दल फार अधिकाराने बोलता येणार नाही. परंतु पडद्यावरचे गाव खरे वाटते की नाही, हे ठरवण्याइतकी गावे मी पाहिली आहेत. अलीकडे पाहिलेल्या पाच चित्रपटांविषयी येथे लिहीत आहे. त्यांतले तीन लग्न जमण्याच्या किंवा न जमण्याच्या प्रश्नाभोवती फिरतात, आणि तेच तीन मला अधिक महत्त्वाचे वाटतात. मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात चार माणसे एकत्र बसली की आज हाच विषय निघतो. शेती करणाऱ्या मुलाला कोणी मुलगी देत नाही आणि मुलीच्या बापाला हुंड्याची तजवीज करता येत नाही. पुष्कळदा ही दोन्ही दुःखे एकाच घरात नांदत असतात.

पहिला चित्रपट आमच्याच भागातला आहे. आदिनाथ कोठारे यांनी दिग्दर्शित केलेला आणि स्वतः मुख्य भूमिका केलेला ‘पाणी’ हा नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यातल्या नागदरवाडी या गावाच्या आणि तेथील हनुमंत केंद्रे यांच्या खऱ्या कहाणीवर आधारलेला आहे. गावात पाणी नाही म्हणून ठरत आलेले लग्न मोडते, आणि ज्या कारणाने लग्न मोडले ते कारणच दूर करायचे असे तो तरुण ठरवतो, एवढी साधी आणि बळकट कथा त्यामागे आहे. पर्यावरण संवर्धनावरील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला २०१८ या वर्षासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मात्र चित्रपटगृहात तो १८ ऑक्टोबर २०२४ रोजी आला. ज्या प्रदेशाची ही गोष्ट आहे, त्या प्रदेशातल्या लोकांना ती पाहण्यासाठी पुरस्कारानंतरही वर्षानुवर्षे थांबावे लागावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

लातूरच्या माणसाला हा चित्रपट अलिप्तपणे पाहता येणे शक्य नाही. मांजरा धरण कोरडे पडल्यानंतर १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून पाण्याची पहिली रेल्वेगाडी शहरात आली, तेव्हा तिच्या दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी होते, हे येथे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक होते. घागर, हंडा, टँकरची वाट पाहणारी रांग ही दृश्ये इतर प्रेक्षकांसाठी दुष्काळाच्या खुणा असतील. आमच्यासाठी ते घरातले काम होते आणि ते बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला येत होते. ‘पाणी’मध्ये ही दृश्ये उगाच करुण केलेली नाहीत. डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईची चाल, वाटेत होणारे बोलणे, पाणी सांडल्यावर येणारा राग, हे सारे पाहणाऱ्याच्या ओळखीचे आहे. हनुमंत आणि सुवर्णा यांच्यातली ओढही संयमाने दाखवली आहे. सुवर्णा झालेल्या रुचा वैद्य यांच्या वाट्याला संवाद थोडे असले, तरी वडिलांचा नकार ऐकून घेणाऱ्या मुलीचा अवघडलेपणा त्यांनी नेमका दाखवला आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. पाणलोटाचे काम ‘माथा ते पायथा’ करावे लागते, म्हणजे डोंगराच्या माथ्यावर समतल चर खणण्यापासून सुरुवात करून, वाहून जाणारे पाणी टप्प्याटप्प्याने अडवत खालच्या नाल्यावरच्या बांधापर्यंत यावे लागते. खणण्यापेक्षा लोकांना तयार करणे अवघड असते. कोणाच्या शेतातून चर जाणार, कोणाच्या शेळ्या डोंगरावर चरायच्या थांबणार, झाडे कोणी तोडायची नाहीत, श्रमदानाला कोणत्या घरातून किती माणसे येणार, यांवर महिनोन्‌महिने वाद होतात आणि त्या वादांतच अशा कामाचे खरे नाट्य असते. चित्रपटाने या भागाला दिलेला वेळ मला अपुरा वाटला. विरोध करणारी माणसे एका बाजूला आणि ध्येयवेडा नायक दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी सोपी होते. पण नागदरवाडीसारख्या गावाने प्रत्यक्षात जे केले ते यापेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचे असणार. बोलीही काही पात्रांच्या तोंडी सहज येते, तर काहींच्या तोंडी पाठ केल्यासारखी वाटते. हे दोष मान्य करूनही मी हा चित्रपट आवर्जून पाहावा असे म्हणेन, कारण पाणी नसणे ही गोष्ट माणसाच्या सर्वांत खासगी निर्णयापर्यंत कशी पोहोचते, हे त्याने स्वच्छ दाखवले आहे.

‘पाणी’ आमच्या जिल्ह्यांची गोष्ट सांगतो, तरी मला अधिक जवळचा वाटलेला चित्रपट विदर्भातला आहे. जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगाव या त्यांच्याच गावात चित्रित झाला असून, त्यातली माणसे बहुतेक त्याच भागातली आणि कॅमेऱ्यासमोर प्रथमच उभी राहिलेली आहेत. २०२३ मध्ये टोरांटोच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि ७ मार्च २०२५ रोजी तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. सविता ही बी.ए.ला शिकणारी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी शेतकऱ्याची मुलगी आहे. तिला पाहायला पाहुणे येतात, प्रश्न विचारतात, पोहे खातात, चहा पितात, बाहेर जाऊन आपसात बोलतात आणि नंतर नकार कळवतात. मग पुढचे पाहुणे येतात. कथा म्हणून सांगायचे तर एवढेच आहे.

चित्रपटाची सुरुवात उलट्या दृश्याने होते. पाहायला बसल्या आहेत त्या बायका, आणि समोर मान खाली घालून बसला आहे तो मुलगा. त्याला नाव, उंची, शिक्षण, आवड विचारली जाते आणि त्याच्या रंगाविषयी कुजबुज होते. मी पाहिला त्या खेळाला बऱ्याच बायका आल्या होत्या आणि या दृश्याला त्या मोकळेपणाने हसल्या. पुढे तेच प्रश्न, त्याच क्रमाने, सविताला पुन्हापुन्हा विचारले जाऊ लागले, तेव्हा त्याच बायका शेजारणीला आपापल्या वेळी काय विचारले होते ते सांगू लागल्या. दिग्दर्शकाने पुनरावृत्तीचा केलेला हा उपयोग मला अतिशय हुशारीचा वाटला. दुसऱ्या वेळी प्रश्न ओळखीचे होतात, तिसऱ्या वेळी उत्तर आपल्यालाच पाठ झालेले असते, आणि त्यानंतर प्रश्न विचारणाऱ्यांचे चेहरे बदलले तरी माणसे बदललेली नाहीत हे वेगळे सांगावे लागत नाही. नंदिनी चिकटे या मुलीने सविताची भूमिका जवळजवळ केवळ बसण्यातून आणि पाहण्यातून उभी केली आहे. पदर सावरून खाली बसताना तिच्या खांद्यांत दर वेळी थोडा अधिक ताठरपणा येतो.

तरीही या चित्रपटात माझ्या मते सर्वांत मोठी भूमिका वडिलांची आहे. तारानाथ खिरटकर यांनी उभा केलेला दौलतराव हा वाईट माणूस नाही. मुलीवर त्याचे प्रेम आहे, पण घरात पडलेल्या कापसाला भाव नाही, समोरच्या पक्षाची मागणी वाढत आहे आणि जमीन विकण्यावाचून मार्ग दिसत नाही. परभणी, बीड, जालना या जिल्ह्यांतल्या कापूसवाल्यांना आणि आमच्या लातूर-धाराशिवकडच्या सोयाबीनवाल्यांना हा हिशेब वेगळा शिकवावा लागणार नाही. भाव पडला की आधी मुलीचे शिक्षण थांबते आणि मग तिच्या लग्नाची घाई सुरू होते. हुंड्याला बंदी घालणारा कायदा १९६१ सालचा आहे, आणि तरीही या घरात त्या कायद्याचे नावही कोणी काढत नाही. महाविद्यालयात स्त्री सक्षमीकरणाचा धडा शिकवला जातो आणि घरी आल्यावर त्याच मुलीची उंची विचारली जाते, ही विसंगती चित्रपट कोणतेही भाषण न करता दाखवतो. एकच गोष्ट मला खटकली: सविताच्या मनात काय चालले आहे, हे मैत्रिणींबरोबरच्या प्रसंगांतून आणखी कळायला हवे होते. तिचा राग आपल्याला दिसतो, तिची स्वप्ने मात्र अभ्यासाच्या पुस्तकांपुरतीच राहतात.

तिसरा चित्रपट ‘साबर बोंडं’, म्हणजे निवडुंगाची फळे. रोहन परशुराम कानवडे यांच्या या पहिल्याच पूर्ण लांबीच्या चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागातला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या निधनानंतर सुतकाचे दहा दिवस गावी येऊन राहतो. त्या दहा दिवसांत काय खायचे, पायांत काय घालायचे, कोठे जायचे, याचे नियम नातेवाईक सांगत राहतात आणि त्याबरोबरच एक प्रश्न सतत विचारत राहतात, तो म्हणजे लग्न कधी करणार. आनंदला पुरुषाविषयी ओढ आहे. हे त्याच्या आईला ठाऊक आहे आणि तिने ते स्वीकारलेले आहे. गावातला बालमित्र बाळ्या शेती करतो, शेळ्या राखतो, आणि त्याच्याही मागे लग्नाचा तगादा लागलेला आहे.

या विषयावर खेड्यात बोलणे किती अवघड आहे, हे वेगळे लिहिण्याची गरज नाही. मला आवडले ते असे, की चित्रपटाने गावाला खलनायक केले नाही आणि आईला आदर्श मूर्तीही केले नाही. जयश्री जगताप यांची आई स्वयंपाकघरात, अंगणात, पाहुण्यांच्या गराड्यात वावरताना मुलाला सांभाळून घेते. वरवर ती अशिक्षित आणि भोळी वाटते, पण नातेवाइकांना कोठे उत्तर द्यायचे आणि कोठे विषय बदलायचा, हे तिला नेमके कळते. अशा बाया आमच्याकडे घरोघरी आहेत. त्यांच्या या शहाणपणाची दखल पडद्याने क्वचितच घेतली आहे. भूषण मनोज आणि सूरज सुमन यांनी आनंद आणि बाळ्या यांच्यातली जवळीक घाई न करता वाढवली आहे. काटे काढलेली साबर बोंडं बाळ्या मित्रासाठी आणतो, त्या कृतीत त्यांच्या नात्यातले सारे आर्जव आहे.

चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही आणि कॅमेरा पुष्कळदा एकाच जागी थांबतो. मधल्या भागात ही संथपणाची रीत मला थोडी जास्त वाटली, आणि काही प्रसंग आणखी आटोपशीर करता आले असते. शक्य असेल तर तो मोठ्या पडद्यावरच पाहावा, कारण पक्ष्यांचे, भांड्यांचे आणि दूरच्या बोलण्याचे आवाज यातच त्याचे संगीत आहे. तो १९ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला, आणि नेमक्या त्याच दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टीने नद्या फुगल्या होत्या आणि हाताशी आलेले सोयाबीन पाण्यात उभे होते. गावाकडच्या प्रेक्षकाला तेव्हा चित्रपटगृहाकडे वळण्याची उसंत नव्हती. छत्रपती संभाजीनगरला भरणाऱ्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे असे चित्रपट पाहणारा एक वर्ग तेथे तयार झाला आहे. लातूर, परभणी, हिंगोलीसारख्या ठिकाणी मात्र लहान चित्रपटाला दुपारचा एखादा खेळ मिळतो आणि आठवडा उलटण्याआधी तोही जातो.

उरलेल्या दोन चित्रपटांविषयी थोडक्यात लिहिते, कारण ते पुष्कळांनी पाहिले आहेत. सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ दिलीप प्रभावळकर यांच्यासाठी अवश्य पाहावा. वयाच्या ऐंशीनंतर एखादा नट रंगमंचावरच्या खेळाची नशा, अधू होत चाललेली दृष्टी आणि मुलाची काळजी एकाच देहातून इतक्या ताकदीने दाखवू शकतो, हे पाहणे हा मोठा आनंद आहे. पूर्वार्धातले कोकण, तेथील दशावतारी खेळ आणि बाप-लेकाचे नाते मला अत्यंत आवडले. उत्तरार्धात चित्रपट सूडकथेकडे वळतो आणि खाणीचा प्रश्न, जो त्या भूमीचा खरा प्रश्न आहे, देखाव्यांच्या मागे पडतो.

शिवराज वायचळ यांचा ‘आता थांबायचं नाय’ मुंबई महापालिकेतल्या चतुर्थ श्रेणी कामगारांनी रात्रशाळेत जाऊन दहावीची परीक्षा दिल्याच्या सत्य घटनेवर आधारलेला आहे. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव यांना विनोदाच्या पलीकडे काम मिळाले आहे आणि त्यांनी ते मनापासून केले आहे. ओम भूतकर यांचा शिक्षक कोठेही उपदेशक होत नाही, ही मला त्यातली सर्वांत चांगली गोष्ट वाटली. भावनिक प्रसंगांत संगीताचा आवाज चढतो आणि शेवट बराच लांबतो, एवढी तक्रार आहे. लातूरमध्ये हा चित्रपट पाहताना मात्र निराळा अनुभव येतो. ‘लातूर पॅटर्न’च्या या शहरात टक्केवारीचे फलक चौकाचौकांत लागतात आणि मुले वसतिगृहांत राहून गुणांच्या मागे धावतात, येथे केवळ उत्तीर्ण होण्यासाठी दिवसभराच्या कष्टानंतर पुस्तक उघडणारी प्रौढ माणसे पडद्यावर दिसली, तेव्हा प्रेक्षागृहातल्या विद्यार्थ्यांनी सर्वांत जास्त टाळ्या निकालाच्या प्रसंगाला दिल्या. येथील शिकवणी वर्गांनी आपल्या मुलांना परीक्षेच्या आधी एका संध्याकाळी सुट्टी देऊन हा चित्रपट दाखवावा, असे मी सुचवेन.