पोटगीच्या केससाठी विधी सेवा समितीचा मोफत वकील घेतला, त्याचा वर्षभराचा अनुभव

आमच्याकडे मोफत वकील म्हटलं की लोकांचं मत आधीच ठरलेलं असतं, माझी माय पण म्हणे "फुकटना वकील काय कामना". म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मी जळगाव जिल्ह्यात माहेरी राहते पोरीला घेऊन, नवरा सुरतला कामाला, पैसे पाठवणं बंद. खाजगी वकिलाने सुरुवातीलाच जी फी सांगितली ती भावाच्या जिनिंगच्या पगारात बसणारी नव्हती.

तर तालुक्याच्या कोर्टातच मोफत वकील देणारी तालुका विधी सेवा समिती असते, तिथे जाऊन अर्ज दिला. सोबत आधार, रेशनकार्ड आणि काय झालं ते साध्या मराठीत एका पानावर. बाहेर टायपिंगवाला छातीठोक सांगत होता की तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणा, पण बाईला तो लागतच नाही!! 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 मध्ये बायका, मुलं, एससी एसटी, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेला माणूस यांना उत्पन्न कितीही असो वकील मिळतो, बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांच्या आत हवं आणि त्यासाठीही प्रतिज्ञापत्र चालू शकतं. कोर्ट फी, नकला, तेही त्यातच येतं, वकिलाला आपण एक रुपया द्यायचा नसतो आणि कोणी मागितला तर समितीला लेखी कळवायचं.

आता खरं सांगते, पहिले जे वकील मिळाले ते तारखेला यायचेच नाहीत, फोन केला की "पुढची तारीख घेतलीय". खूप जणी इथेच हात टेकतात आणि केस सोडून देतात, मला फार वाईट वाटतं त्याचं, कारण वकील बदलून मागता येतो. मी लेखी अर्ज दिला, कुठल्या तारखांना कोणी आलं नाही ते लिहून. तारखा ई-कोर्ट्स अ‍ॅपवर सीएनआर नंबर (आपल्या केसचा वेगळा नंबर) टाकला की दिसतात, त्यामुळे मला कोणाला विचारत बसावं लागलं नाही. दुसऱ्या मॅडम मिळाल्या त्या मात्र सोनं. बसवून घेऊन सगळं ऐकलं, आणि पहिली गोष्ट सांगितली की सुरतला जायची गरज नाही ताई, तुम्ही राहता तिथल्या कोर्टात पोटगी मागता येते. सुरत उधन्याला नवरा असलेल्या आपल्या खान्देशातल्या बायांनी हे लक्षात ठेवाच.

सगळ्यात जास्त वेळ गेला नोटीस पोचण्यात. कायद्यात अंतरिम पोटगीचा (केस चालू असेपर्यंत मिळणारी पोटगी) अर्ज नोटीस बजावल्यावर शक्यतो 60 दिवसांत निकाली काढा असं आहे, आमचं त्याच्या कितीतरी पुढे गेलं. नवऱ्याने कमाई नाहीच म्हणून सांगितलं, मग मॅडमनी सुप्रीम कोर्टाचा 2020 चा रजनेश विरुद्ध नेहा निकाल दाखवला, त्यात दोघांनी मालमत्ता आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असं आहे. त्याच्या बँकेच्या नोंदी निघाल्या तेव्हा सगळं बाहेर आलं. अंतरिम पोटगी मंजूर झाली तीही अर्जाच्या तारखेपासून. पोरीच्या शाळेचं आणि किराण्याचं त्यात भागतं, जास्त नाही.

कुणाचं माणूस जेलमध्ये असेल तर तिथूनच अर्ज करता येतो, वकील नाही म्हणून केस तशीच चालवू द्यायची नाही. काही कळत नसेल तर विधी सेवेच्या 15100 हेल्पलाइनवर फोन लावा, फुकट आहे.

सध्या नवरा दोन महिने देतो, एक महिना चुकवतो. थकलेली पोटगी वसूल करायला अर्ज वर्षाच्या आत टाकावा लागतो, नाहीतर त्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही, म्हणून तो अर्जही मॅडमकडून याच समितीमार्फत टाकलाय आणि त्याचेही पैसे लागले नाहीत.