कैवारी कोण? दोन धर्मांची दोन उत्तरे

अचलपूर तालुक्यातील आमच्या गावात वेचणीचा कापूस घरात आला की संध्याकाळी ओसरीवर बसणारे माझे दोन शेजारी, एक ख्रिस्ती आणि एक मुसलमान, मरियमेच्या पोटी पित्याविना जन्मलेल्या एकाच पुरुषाला मानतात; मात्र एकासाठी तो देवाचा पुत्र येशू, तर दुसऱ्यासाठी पैगंबर हजरत ईसा आहे. कुराणाच्या ४थ्या सूरेनुसार (अध्यायानुसार) ईसांना क्रुसावर मारले गेलेच नाही, आणि ख्रिस्ती श्रद्धा तर त्याच मृत्यूवर व पुनरुत्थानावर उभी आहे. येथे तडजोडीला जागा नाही, असे मला वाटते.

ग्रंथाविषयीचा मतभेद अधिक सूक्ष्म आहे. इस्लामच्या दृष्टीने इंजील हा ईसांना मिळालेला एकच ग्रंथ आहे, तर ख्रिस्ती चार शुभवर्तमाने, म्हणजे येशूच्या जीवनाचे चार वृत्तांत, वाचतात. त्यांपैकी योहानाच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात येशू ज्याच्या येण्याचे वचन देतो, तो ‘कैवारी’ म्हणजे पवित्र आत्मा, असे ख्रिस्ती म्हणतात. अनेक मुस्लिम अभ्यासक मात्र कुराणाच्या ६१व्या सूरेत ईसा ज्याच्या येण्याची वार्ता देतात त्या ‘अहमद’ या नावाच्या आधारे तेथे मुहंमद पैगंबरांची चाहूल पाहतात. योहानाच्या त्याच अध्यायाचे २६वे वचन कैवाऱ्याला स्पष्टपणे पवित्र आत्मा म्हणते, म्हणून वाद अखेरीस तहरीफवर, म्हणजे मूळ वचनात फेरफार झाल्याच्या मुस्लिम आक्षेपावर, येऊन ठेपतो.