सनद महाराष्ट्रात वर्ग करताना: नाशिकमधील एका सल्ला कार्यालयाचा अनुभव

परराज्यात सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतलेल्या वकिलांचे नाव महाराष्ट्राच्या नामावलीत आणण्यासाठी कागदपत्रे तयार करून देणारे एक छोटे सल्ला कार्यालय नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या परिसरात आहे. सुरतेहून बिऱ्हाड कायमचे इकडे हलवल्यावर गुजरात बार कौन्सिलकडील (वकिलांची नोंदणी करणाऱ्या राज्य संस्थेकडील) माझी नोंद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे वर्ग करण्याचे काम मी त्यांना दिले.

येथे अर्ज भरण्याआधी त्याची गरज तपासली जाते, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटली. दुसऱ्या राज्यात उभे राहायचे म्हणजे सनद हलवावीच लागते, असा समज वकिलांमध्येही आहे. वस्तुतः अधिवक्ता अधिनियम, १९६१ चे कलम ३० हे १५ जून २०११ पासून अमलात आले असून, कोणत्याही राज्याच्या नामावलीतील वकिलाला त्यानुसार देशभर वकिली करता येते. मात्र कलम ३४ खाली उच्च न्यायालये स्वतःचे नियम करू शकतात, आणि अलाहाबाद उच्च न्यायालयात बाहेरच्या वकिलाला स्थानिक वकिलासोबतच वकीलपत्र दाखल करावे लागते, ते याच अधिकारातून. अधूनमधून एखाद्या तारखेला नाशिकला येणाऱ्या वकिलाला हे कार्यालय अर्ज न करण्याचा सल्ला देते, आणि तो रास्त आहे. माझा व्यवसाय यापुढे येथेच चालणार असल्याने, आणि कलम १७ नुसार एकाच वेळी दोन राज्यांच्या नामावलीत नाव ठेवता येत नसल्याने, मला नोंद हलवणे भाग होते.

अर्ज थेट भारतीय बार कौन्सिलकडे जातो. शिस्तभंगाची कार्यवाही प्रलंबित नसल्याबाबत मूळ राज्य कौन्सिलचा दाखला, नावातील फरकाचे प्रतिज्ञापत्र, जुन्या नोंदणीची प्रमाणित प्रत, या साऱ्यांची तपासणी कार्यालयाने बारकाईने केली. विवाहानंतर आडनाव बदललेल्या वकील भगिनींना या काटेकोरपणाचा विशेष उपयोग होईल. ज्येष्ठता जाईल ही माझी धास्तीही कलम १८(२) दाखवून त्यांनी दूर केली, कारण नाव वर्ग झाले तरी मूळ ज्येष्ठता कायम राहते.

उणीव खर्चाच्या पत्रकात आढळली. त्यात ‘हस्तांतरण शुल्क’ अशी एक बाब होती, परंतु कलम १८(१) मध्ये नाव वर्ग करण्यासाठी कोणतेही शुल्क घेऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. विचारणा केल्यावर ती रक्कम त्यांच्या कामाचा मोबदला असल्याचे सांगून त्यांनी पत्रक बदलून दिले, तरी कायद्याच्या क्षेत्रातील कार्यालयाने ही नोंद मुळातच स्वच्छ लिहायला हवी होती. नव्या वकिलांनी सही करण्यापूर्वी मोबदला आणि प्रत्यक्ष खर्च वेगळा मांडून घ्यावा.

ज्यांच्याविरुद्ध तक्रार प्रलंबित आहे, त्यांनी मात्र या कार्यालयावर विसंबू नये. अशा अर्जदाराला बाजू मांडण्याची संधी देऊन भारतीय बार कौन्सिल अर्ज फेटाळू शकते, आणि ती बाजू मांडण्यासाठी शिस्तभंगाच्या प्रकरणांचा अनुभव असलेला वकीलच हवा.