गाडी ॲपला लावण्याआधी: चालकाच्या बाजूचा रिव्ह्यू

कॅब ॲपचे रिव्ह्यू प्रवासी लिहितात. गाडी किती मिनिटांत आली, एसी चालू होता का, चालक नीट बोलला का. त्याच ॲपची दुसरी बाजू चालकाच्या फोनवर असते, तिच्यावर सहसा कोणी लिहीत नाही. पण गिऱ्हाईक तर मीही आहे. दर भाड्यामागे ॲप माझ्याकडून कमिशन कापते, म्हणजे ही सेवा मी पैसे मोजून घेतो. म्हणून हा रिव्ह्यू. मी एकापेक्षा जास्त ॲपवर गाडी चालवली आहे. कंपनीचे नाव घेत नाही, कारण पुढे लिहिलेले थोड्याफार फरकाने सगळीकडे तसेच आहे, आणि नवीन गाडी लावणाऱ्याला नावापेक्षा या गोष्टी कळणे जास्त गरजेचे आहे.

सुरुवात रिक्वेस्टच्या स्क्रीनपासून. फोन वाजतो, स्क्रीनवर गोल फिरू लागतो आणि तो संपायच्या आत ठरवायचे, घ्यायचे की सोडायचे. पिकअप किती लांब, ड्रॉप कुठे, भाडे परवडते का, तिकडून परतीचे काही मिळेल का, हा सगळा विचार त्या काही सेकंदांत. बहुतेक वेळा तेव्हा गाडी चालू असते. कधी मागे प्रवासी बसलेला असतो आणि पुढची रिक्वेस्ट वाजते. नजर रस्त्यावर ठेवायची की फोनवर? ज्याने हा स्क्रीन बनवला त्याने चालत्या गाडीत बसून तो वापरून बघायला हवा होता. शिवाय काही ॲप्स ड्रॉपचे ठिकाण स्वीकारल्यावरच पूर्ण दाखवतात. चार भाडी नाकारली की स्वीकृतीचा टक्का घसरतो, टक्का घसरला की इन्सेन्टिव्ह, म्हणजे ठरावीक ट्रिपांवरचा बोनस, हातचा जातो. तरी करारात आम्हाला म्हणतात 'स्वतंत्र व्यावसायिक'. ज्याला गिऱ्हाईक कुठे जाणार हे माहीत नाही, दर ठरवता येत नाही, आणि नाही म्हटले की भुर्दंड बसतो, त्याला स्वतंत्र म्हणणे मला पटत नाही.

आता पैशाचे. एकदा एका ताईंनी उतरताना विचारले, "दादा, यातले तुम्हाला किती मिळतात हो?" मी माझा फोन दाखवला, त्यांनी त्यांचा. दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी धरून बघितले. माझा आकडा त्यांच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडासाच वर होता. "मला वाटायचे वीस-पंचवीस टक्के कमिशन असते," त्या म्हणाल्या. गाडी लावताना मलाही तसेच सांगितले होते. त्यांच्या रकमेत कर असेल, टोल असेल, बुकिंगचे शुल्क असेल, मान्य. मग तसे फोडून लिहा ना! पूर्वी प्रवाशाच्या भाड्यातून ठरावीक टक्के कापले जायचे, त्यामुळे हिशोब निदान बोटांवर करता यायचा. आता अनेक ॲप्सवर प्रवाशाकडून किती घ्यायचे आणि चालकाला किती द्यायचे हे दोन आकडे वेगवेगळे ठरतात. सर्ज, म्हणजे मागणी वाढली की चढणारे भाडे, लागला तरी तो माझ्यापर्यंत किती पोचला हे मला दिसत नाही. शेजारच्या स्टँडवर उभ्या असलेल्या चालकाला त्याच रस्त्याचे वेगळे भाडे दाखवले जाते, का ते कोणीच सांगत नाही. कमिशन जास्त आहे ही तक्रार वेगळी, तिच्यावर भांडता येते. जो हिशोब दिसतच नाही त्याच्यावर काय भांडणार?

पण सगळ्यात मोठा पैसा जातो तो रिकाम्या वेळेत, आणि याच्याबद्दल बोलणे सगळ्यात कमी होते. ॲप चालू आहे, गाडीत मी आहे, भाडे नाही. किंवा भाडे आले, पण पिकअपपर्यंतचे अंतर माझ्या डिझेलवर. किंवा लांबचे ड्रॉप झाले आणि तिथून मोकळी गाडी परत. या वेळेला काम म्हणायचे की नाही, यावरूनच जगभर कज्जे चालले आहेत.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या खटल्यात दिलेला निकाल प्रत्येक चालकाने माहीत करून घ्यावा. न्यायाधीशांनी मोजलेल्या गोष्टी आमच्या रोजच्या स्क्रीनवरच्याच आहेत. भाडे कंपनी ठरवते, कराराच्या अटी कंपनी ठरवते, रिक्वेस्ट नाकारल्या तर कंपनी जाच करते, रेटिंगमधून कामावर ताबा ठेवते, आणि चालक-प्रवाशाची ओळख त्या ट्रिपपलीकडे जाणार नाही याची व्यवस्थाही तीच करते. म्हणून हे चालक स्वतंत्र धंदेवाले ठरत नाहीत, कायद्याच्या भाषेत ते 'वर्कर' आहेत, किमान वेतन आणि पगारी रजा हा त्यांचा हक्क आहे, असे न्यायालय म्हणाले. आणि परवान्याच्या हद्दीत ॲप चालू करून भाडे घ्यायला तयार बसलेला वेळ हाही कामाचाच वेळ. कंपनीने पुढच्याच महिन्यात किमान वेतन, रजेचे पैसे आणि पेन्शन द्यायचे जाहीर केले, पण किमान वेतन मोजायचे ते ट्रिप स्वीकारल्यापासून. वाट बघण्याचा वेळ पुन्हा बाहेरच राहिला. कॅलिफोर्नियातही तेच. तिथे २०१९ मध्ये चालकांना कर्मचारी मानण्याच्या दिशेने कायदा झाला. कंपन्यांनी वीस कोटी डॉलरहून जास्त खर्चून २०२० मध्ये जनमताने त्यातून सूट मिळवली. बदल्यात किमान वेतनाच्या १२० टक्के हमी दिली, पण तीही फक्त स्वीकारलेल्या ट्रिपच्या वेळेपुरती.

मला विचाराल तर या बाबतीत सगळ्यात अक्कलहुशारीचा नियम न्यूयॉर्क शहराच्या टॅक्सी आयोगाने केला. डिसेंबर २०१८ मध्ये तो मंजूर झाला. खर्च वजा जाता चालकाच्या हाती ताशी १७.२२ डॉलर पडावेत असे धरून त्यांनी मैलाचा आणि मिनिटाचा किमान दर काढला, आणि त्या सूत्रातच गाडीत प्रवासी किती वेळ असतो याचे प्रमाण घातले. गाड्या जास्त वेळ रिकाम्या फिरल्या तर किमान दर चढतो. म्हणजे गरजेपेक्षा जास्त गाड्या रस्त्यावर सोडल्या तर त्याची झळ कंपनीलाही बसते, एरवी ती एकट्या चालकाला बसते. पण पळवाट निघालीच. २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी मंदीच्या तासांत चालकांना ॲपवर येऊच न देणे सुरू केले. ॲपवर नाही म्हणजे रिकामा वेळही मोजायचा नाही. चालक मात्र गाडीतच बसलेला, फोन हातात, दार कधी उघडते बघत.

चांगल्याचेही सांगतो. पैसे खात्यात जमा होण्याबाबत मला कधी फार त्रास झालेला नाही. उधारी नाही, "सुट्टे नाहीत" नाही. रात्री अनोळखी प्रवासी बसला तर त्याची नोंद कुठेतरी आहे, याचा मनाला आधार वाटतो. नकाशा बरा आहे, फक्त मोठ्या सोसायट्यांच्या आणि हॉस्पिटलच्या चुकीच्या गेटवर नेतो. घरी जाताना त्या दिशेचे भाडे मागायची सोय काही ॲप्सवर आहे, ती खरोखर उपयोगी आहे.

रेटिंगबद्दल मात्र हात आखडता घेणार नाही. वाहतूक तुंबली, सर्ज लागला, नकाशाने मागच्या गेटला नेले, या सगळ्याचा राग माझ्या ताऱ्यांवर निघतो. प्रवाशाला चार तारे म्हणजे चांगले वाटते. आमच्याकडे सरासरी चारच्या आसपास आली की आयडी, म्हणजे ॲपवरचे खाते, धोक्यात.

माझा आयडी बंद झाला तो तर रेटिंगनेही नाही. सकाळी ॲप उघडले तर मेसेज, तुमच्याबाबत तक्रार आली आहे, चौकशी होईपर्यंत खाते बंद. कोणती ट्रिप, कुठल्या दिवसाची, तक्रार काय, काही नाही. चॅटवर विचारले. "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, संबंधित विभाग यात लक्ष घालत आहे." परत विचारले, वाक्य तेच, खाली नाव दुसरे. त्यांच्या ऑफिसला गेलो. काउंटरवरच्या मुलाने नंबर टाकला, स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवला आणि म्हणाला, "काका, यापुढचे मलाही दिसत नाही." खुर्ची दिली, पाणी दिले, पण त्याच्या हातात काही नव्हते. गाडीचा हप्ता कोणासाठी थांबत नाही. पुढे खाते आपोआप चालू झाले आणि तेव्हाही कारण कळले नाही. तक्रार खोटी ठरली की विसरली गेली? आजही मला माहीत नाही. कमाई बुडाली त्यापेक्षा हे जास्त लागले, की माझ्यावर आरोप काय होता हेच मला कधी सांगितले गेले नाही.

नेमक्या याच गोष्टीवर एप्रिल २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने चालकांच्या बाजूने कौल दिला. मशीनने घेतलेल्या निर्णयावरून उबरने चालकांची खाती बंद केली होती. आमची माणसे तपासतात, असे कंपनीचे म्हणणे होते. तो मानवी हात जवळपास नावापुरताच होता, असे न्यायालयाला दिसले, आणि निर्णय कशावरून घेतला हे चालकाला सांगा, असा आदेश झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये प्लॅटफॉर्मवरच्या कामाबाबतचा निर्देशच काढला. खाते स्थगित किंवा बंद करायचा निर्णय माणसानेच घ्यायचा, कारण लेखी द्यायचे आणि चालकाने मागितले तर फेरतपासणी करायची. सदस्य देशांनी डिसेंबर २०२६ पर्यंत ते आपापल्या कायद्यात आणायचे आहे. कोणत्याही ॲपने हे करायला कायद्याची वाट बघायची गरज नाही. तक्रारीचा मजकूर, ट्रिपची तारीख आणि बोलायला एक माणूस, एवढे आजही देता येते.

शरीराचे थोडक्यात. कंबर, गुडघे, डोळे. लघवीला जायची सोय नाही म्हणून पाणी कमी पिणारे चालक मी रोज बघतो, त्यातले काही मुतखड्याने बेजार आहेत. स्त्री चालकांचे तर याहून अवघड. भारत सरकारच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत एका दिवसात १२ तासांपेक्षा जास्त ॲपवर राहू नये असे म्हटले होते, पण भाड्याचे दर पडले की माणूस एका ॲपवरून दुसऱ्यावर जातो आणि तास वाढतच राहतात. झोप आली तरी "अजून दोन ट्रिप केल्या की बोनस" हा मेसेज थांबत नाही. थकलेल्या चालकाला असा मेसेज पाठवू नये, तो प्रवाशाच्याही जिवाशी खेळ आहे. अपघात झाला तर कोण बघणार, हाही प्रश्न बऱ्याच ठिकाणी अधांतरीच आहे. सिंगापूरने १ जानेवारी २०२५ पासून कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई आणि तरुण चालकांच्या निवृत्तीच्या खात्यात कंपनीचा वाटा सक्तीचा केला. भारताच्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के कामगारांच्या निधीत द्यायची तरतूद आहे. त्यातून चालकाच्या हातात काय पडते, ते बघायचे.

हल्ली कमिशन न घेता दिवसाचे ठरावीक शुल्क घेणारी ॲप्स आली आहेत, बेंगळुरूत २०२२ मध्ये सुरू झालेले नम्मा यात्री त्यातले ठळक. मला ही पद्धत आवडते. प्रवासी देतो ते माझे, शुल्क किती हे सकाळीच माहीत. पण यात एक मेख आहे. शुल्क घेणारी कंपनी सहज म्हणू शकते, आम्ही फक्त सॉफ्टवेअर पुरवतो, अपघात, भांडण, मंदी तुमचे तुम्ही बघा. मंदीच्या दिवशीही शुल्क जातेच. न्यूयॉर्कमध्ये २०२१ मध्ये चालकांच्याच मालकीचे सहकारी ॲप सुरू झाले, तो मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण तिथे नियम बदलायच्या वेळी चालकाला मत असते.

माझे तारे असे. पैसे वेळेवर येण्याला चार, नकाशाला तीन, हिशोबाच्या पारदर्शकतेला एक, तक्रार ऐकण्याला एक. एकूण दोन.

गाडी लावणारच असाल तर काही गोष्टी करा. करार मोबाइलवर भराभर 'मान्य' दाबून पुढे जाऊ नका, त्याची प्रत ठेवा. रिक्वेस्टचा आणि ट्रिप संपल्यावरच्या पावतीचा स्क्रीनशॉट रोज काढा, पुढे भांडायला तोच पुरावा. वैयक्तिक अपघात विमा स्वतः काढा, ॲपच्या भरवशावर राहू नका. सगळी कमाई एकाच आयडीवर अवलंबून ठेवून कर्जाचा मोठा हप्ता बांधून घेऊ नका. आणि तुमच्या भागातल्या चालक संघटनेत नाव नोंदवा. वर सांगितलेले निकाल चालक एकत्र आले म्हणूनच लागले आहेत.

हे वाचणाऱ्या प्रवाशांना एकच विनंती. उतरताना चालकाला विचारा, त्याला किती मिळाले, आणि तो आकडा तुमच्या पावतीसोबत तुमच्या रिव्ह्यूमध्ये लिहा. चालकाचे नाव आणि गाडीचा नंबर मात्र झाकून टाका, नाहीतर त्याचा त्रास त्याला होईल.