माउंट डायब्लोचा माथा: पायी गाठावा की सायकलने?

कॅलिफोर्नियातल्या सॅन रॅमोन, डब्लिन, प्लेझंटन या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ, आणि त्यातल्या बहुतेकांना कामावर जाता-येता माउंट डायब्लो हा डोंगर दिसतो. उंची १,१७३ मीटर. कळसूबाईहून पावणेपाचशे मीटरने कमी वाटते खरी, पण पायथा समुद्रसपाटीच्या फारसा वर नाही, त्यामुळे खरी चढाई हजार मीटरच्या घरात जाते. माथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. गाडीने अर्ध्या-पाऊण तासात वर पोचता येतं. हा लेख गाडीने जाणाऱ्यांसाठी नाही. स्वतःच्या पायांनी वर जायचंय, पण चालत की सायकलवर हे ठरत नाहीये, अशांसाठी आहे.

माझं मत आधीच सांगतो. २०१३च्या वणव्यात जळालेला डोंगर पाहायचा असेल तर चालत जा. डोंगर चढण्याचा आनंद हवा असेल आणि हातात फक्त सकाळ असेल तर सायकल काढा. सायकलवरून वणव्याच्या खुणा नीट दिसत नाहीत, आणि माझ्या दृष्टीने या डोंगराची खरी गोष्ट त्या खुणांमध्येच आहे.

सप्टेंबर २०१३मध्ये पूर्वेकडच्या मॉर्गन टेरिटरी रोडच्या बाजूला नेमबाजीच्या सरावातून ठिणगी पडली आणि सुमारे ३,१०० एकर डोंगर जळाला. त्याआधीची मोठी आग १९७७ची. म्हणजे मधली छत्तीस वर्षं झुडपं वाढत, वाळत, एकमेकांत गुंतत गेली होती. सह्याद्रीत फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागतो तेव्हा प्रामुख्याने गवत जळतं आणि जूनच्या पावसात उतार पुन्हा हिरवा होतो. इथे गवताबरोबर चॅपरल जळतं: डोक्याइतकी उंच, तेलकट पानांची, काटक झुडपं. ती पूर्ववत व्हायला दोन-तीन दशकं लागतात. म्हणून इतक्या वर्षांनीही हिरव्या झुडपांतून राखाडी, वाळक्या फांद्या वर आलेल्या दिसतात.

या खुणा वाचायला थांबावं लागतं. चमीज नावाचं झुडूप बुंध्याशी लाकडी गाठ राखून असतं. वरचं सगळं जळालं तरी त्या गाठीतून नवे फुटवे येतात. त्याच्या शेजारी लाल, गुळगुळीत सालीचा मॅन्झनिटा असतो. त्याची एक जात, माउंट डायब्लो मॅन्झनिटा, या डोंगराच्या आसपासच सापडते, आणि तिला अशी गाठ नसते. आगीत ते झाड मरतं. पुढची पिढी मातीत पडून राहिलेल्या बियांतून येते. ती रोपं फुलाफळाला येण्याआधीच दुसरी आग आली तर बियांचा साठाच संपतो. एकाच उतारावर शेजारी शेजारी ही दोन झुडपं पाहिली की आगी वारंवार लागण्याची भीती का वाटते ते कळतं. २०१४च्या वसंतात इथे व्हिस्परिंग बेल्स, गोल्डन इअरड्रॉप्स अशी फुलं आली होती. त्यांचं बी आगीची वाट पाहत मातीत वर्षानुवर्षं पडून असतं. ती फुलं आता शोधू नका. झुडपं दाटली की त्यांचा काळ संपतो.

आता चालण्याची वाट. क्लेटनच्या मिचेल कॅन्यनमधून सुरुवात करा. पहिले तीन-एक किलोमीटर ओढ्याकाठी, जवळपास सपाट आणि सावलीचे. मग फायर रोड (आग विझवणाऱ्या गाड्यांसाठीचा मातीचा रस्ता) वळणं घेत डिअर फ्लॅटला चढतो. तिथून उजवीकडे जुनिपर कॅम्पमार्गे वर जाणारी वाट सोपी, पण मी डावीकडची सुचवेन: मर्किओ गॅप, बाल्ड रिज, प्रॉस्पेक्टर्स गॅप आणि तिथून डेव्हिल्स एल्बोमार्गे माथा. शेवटचा टप्पा अरुंद, सुट्या दगडांचा, पाय घसरवणारा आहे, आणि जळालेल्या बाजूला तुम्ही इथेच येता. उतरताना जुनिपरची वाट घ्या. सगळं मिळून एकवीस-बावीस किलोमीटर. नियमित ट्रेक करणाऱ्यांना सात-आठ तास. सह्याद्रीच्या सवयीने दोन लिटर पाणी घेऊन निघू नका. इथे उन्हाळ्यात पाऊस नाही, ढग नाहीत, आणि जळालेल्या उतारावर सावलीही नाही. तीन लिटर तरी हवंच.

पायवाट सोडून आत शिरू नये. आगीनंतर पॉयझन ओक जोमाने फुटतो. तीन-तीन पानांची ही वनस्पती अंगाला लागली की आठवडाभर खाज सुटते. शिवाय कोवळी रोपं तुडवली जातात, हे मला त्याहून जास्त लागतं.

सायकलचा रस्ता वेगळ्या स्वभावाचा. डॅनव्हिलच्या अथेनियन स्कूलपासून साउथ गेट रोडने माथा १७ किलोमीटरच्या थोडा पुढे आणि चढ जवळपास ९९० मीटर. सरासरी चढ पाच-सहा टक्क्यांचा, म्हणजे एक लय सापडली की बसून चढता येतो. रॉक सिटीचे वालुकाश्म, मग ओक आणि गवताचे उतार, मग नॉर्थ गेट रोड येऊन मिळतो ते जंक्शन. तिथून माथा सात किलोमीटर. २०१३ आणि २०१४मध्ये टूर ऑफ कॅलिफोर्निया या सायकल शर्यतीचे टप्पे याच माथ्यावर संपले होते, ते शेवटच्या दीडशे-दोनशे मीटरसाठी लक्षात राहतात. तिथे चढ एकदम सतरा टक्क्यांच्या आसपास जातो आणि सतरा किलोमीटर चढून आलेल्या मांड्यांना ते सहन होत नाही. मागे ३२ दात्यांचा गिअर असू द्या. उतरून ढकलत नेली तरी काही बिघडत नाही.

मला भीती चढाची नाही, आंधळ्या वळणांवर ओव्हरटेक करणाऱ्या गाड्यांची वाटते. गेल्या काही वर्षांत अशा वळणांवर सायकलींसाठी बाजूला थांबे बांधलेत. मागे गाडी असेल तर त्यात शिरा. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका, आणि थंडीत विंडचीटर विसरू नका, कारण घामेजल्या अंगाने अर्धा तास वारा खात उतरायचं असतं.

माउंटन बाइकवाले विचारतील की मिचेल कॅन्यनच्या मातीच्या रस्त्यानेच सायकल नेली तर? फायर रोडवर परवानगी आहे, बहुतेक अरुंद पायवाटांवर नाही; त्यामुळे डेव्हिल्स एल्बोचा टप्पा सायकलला बंदच. डिअर फ्लॅटच्या आधीची चढण सुट्या खडीची, तिथे पुष्कळ जण उतरून चालतात. पावसानंतर तर जाऊच नका: इथली चिकण माती चाक आणि फ्रेमच्या मध्ये इतकी बसते की चाक फिरायचं थांबतं.

हंगाम दोन्हींना थोडा वेगळा. चालायला फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम. ओढ्याला पाणी असतं, आणि पाऊस पडून गेल्यावरच्या स्वच्छ दिवशी माथ्यावरून सिएरा नेवाडाची बर्फाची रांग दिसते. सायकलला ऑक्टोबर-नोव्हेंबरही चालतो, सकाळी लवकर निघालात तर. जून ते सप्टेंबर पारा ३८च्या वर जाऊ शकतो. तेव्हा चालणं मी कुणालाच सुचवणार नाही.

ज्यांना एकाच दिवसात दोन्ही हवं त्यांच्यासाठी माझी आवडती योजना अशी. साउथ गेटने सायकलवर वर जा. माथ्यावरच्या दगडी इमारतीत आधी शिरा; डोंगराचं सर्वोच्च टोक, तो खडक, इमारतीच्या आत आहे, आणि भिंतीच्या दगडांत शिंपल्यांचे जीवाश्म आहेत. मग सायकलला कुलूप लावून मेरी बाउरमन ट्रेलची किलोमीटरभराची फेरी मारा. तिचं पूर्वीचं नावच फायर इंटरप्रिटिव्ह ट्रेल होतं. बाउरमन या डोंगराच्या वनस्पतींचा अभ्यास केलेल्या संशोधक, १९७१मध्ये सेव्ह माउंट डायब्लो ही संस्था सुरू करणाऱ्यांपैकी एक. क्लीट (पेडलमध्ये अडकणारा तळाचा तुकडा) असलेले बूट मात्र पिशवीत ठेवून साधे बूट घाला. दगडांवर क्लीट घसरतात.

निघण्याच्या आदल्या रात्री उद्यानाची सूचना पाहा. आगीचा धोका टोकाचा असेल त्या दिवशी उद्यान बंद ठेवतात, मग पायी असो वा सायकलने.