पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट आणि आर्णीकडचे रस्ते : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी घेतलेले पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट मी यंदाचा मे महिना सरेपर्यंत रोज वापरले. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत दुचाकीवर फिरणाऱ्या माणसाने ते घ्यावे की नाही, आणि घेतले तर कसे वापरावे, याविषयी आता खात्रीने लिहिता येईल. मी पशुधन पर्यवेक्षक आहे. यवतमाळ जिल्ह्यात आर्णीच्या आसपासची गावे माझ्याकडे आहेत, त्यामुळे एकाच दिवसात नागपूर–तुळजापूर महामार्गाचा चौपदरी डांबरी पट्टा, खड्ड्यांचा जिल्हा मार्ग आणि बैलबंडीच्या चाकोरीची पांदण असे तिन्ही रस्ते वाट्याला येतात. शहरात वापरून लिहिलेले हेल्मेटचे अनुभव मी खरेदीपूर्वी बरेच वाचले होते, परंतु त्यांत ना पांदण होती, ना यवतमाळचा उन्हाळा.

कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीत मिळणाऱ्या देशी हेल्मेटांची रचना जवळपास सारखीच असते. बाहेर एबीएस प्लास्टिकचे कवच, आत थर्माकोलच्या जातीचा घट्ट थर, त्याखाली काढून धुता येणारे कापडी अस्तर, समोर वर-खाली होणारी पारदर्शक काच आणि हनुवटीखाली खटका असलेला पट्टा. किंमत दीड हजाराच्या आत. खरेदी करताना माप घेणे सर्वांत महत्त्वाचे. भुवयांच्या किंचित वरून डोक्याभोवती शिंप्याची टेप फिरवून येणारा आकडा ५८० मिलिमीटरच्या आसपास असेल तर मध्यम आणि ६०० च्या आसपास असेल तर मोठे, असा ढोबळ हिशोब आहे. तालुक्याच्या दुकानांत बहुधा मोठेच माप असते आणि दुकानदार ‘सैल बरं असते, हवा लागते’ असे समजावतो. त्याचे ऐकू नये. नवे हेल्मेट गालांना दाबल्यासारखेच वाटले पाहिजे, कारण गालाजवळच्या गाद्या दोन-तीन महिन्यांत बसतात. माझे मध्यम माप सुरुवातीला कानाशी आवळायचे. दिवाळीपर्यंत ते डोक्याचेच झाले.

दुसरी गोष्ट आयएसआय चिन्हाची. १ जून २०२१ पासून हे चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे आणि विकणे बेकायदा आहे, तरीही महामार्गाच्या कडेला दोन-तीनशे रुपयांच्या टोप्या दोरीला टांगून सर्रास विकल्या जातात. काहींवर चिन्हाचे स्टिकरही असते. खरे चिन्ह असेल तर त्याच्यासोबत आयएस ४१५१ हा मानकाचा क्रमांक आणि परवान्याचा क्रमांक असतो, आणि तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपवर टाकला की उत्पादकाचे नाव समोर येते. दुकानातच उभे राहून ही तपासणी करावी. रस्त्यावरच्या टोपीत आतला घट्ट थर बहुधा नसतोच, नुसता स्पंज असतो. डोके आपटल्यावर तो थर स्वतः चेपला जातो आणि धक्का मेंदूपर्यंत पोचण्याआधी पसरवतो. हेल्मेटचे खरे काम एवढेच, आणि स्पंजाकडून ते होत नाही. त्या टोपीचा उपयोग पोलिसाला दाखवण्यापुरता आहे.

पावसाळ्याबद्दल फार तक्रार नाही. काचेवर आतून वाफ धरते, त्यासाठी साबणाचे पाणी बोटाने पातळ लावून मऊ कापडाने पुसून टाकले की एक-दोन दिवस निभते. चिखल कोरडा पुसू नये, आधी पाणी ओतावे. नाही तर काचेवर ओरखडे पडतात आणि रात्री समोरच्या ट्रकचा दिवा त्या ओरखड्यांत फुटून रस्ताच दिसेनासा होतो. ओरखडलेली काच दीड-दोनशे रुपयांत बदलून मिळते, तेव्हा तिथे काटकसर करू नये. काळी काच तर घेऊच नका. ती दिवसा ऐटदार दिसते, पण परतताना अंधार पडला की माणूस ती वर करून गाडी चालवतो, आणि संध्याकाळीच शेताच्या धुऱ्यावरून रोही (नीलगायी) आणि रानडुकरे रस्त्यावर येतात, किडेही तेव्हाच डोळ्यांत जातात.

या हंगामात एकदा पडलोही. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरची चाके वावरातली काळी माती डांबरी रस्त्यावर आणून टाकतात आणि पहिल्या सरीनंतर त्या मातीचे जे होते ते आपल्याकडच्या कोणालाही सांगायला नको. गाडीचा वेग अगदी कमी होता, तरी मागचे चाक सरकले आणि डोके पुलाच्या कठड्याच्या कोपऱ्यावर आदळले. कोपर सोलले, गुडघा सुजला, डोक्याला मात्र काही झाले नाही. हेल्मेटच्या कवचावर अंगठ्याएवढा खरवडा होता आणि बाहेरून ते धडधाकट दिसत होते, परंतु आतला थर एकदा चेपला की परत फुलत नाही, त्यामुळे ते बाद करून त्याच प्रकारचे दुसरे घेतले. ‘एवढ्या चांगल्या वस्तूची नासाडी’ असे घरी म्हटले गेले. खाली पडलेले हेल्मेट नातेवाइकाला देण्याची पद्धत आपल्याकडे आहे, ती सोडावी.

खरी कसोटी उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये पारा ४४–४५ अंशांवर असताना हेल्मेट घालणाऱ्याला लोक वेडगळ समजतात. ‘डॉक्टर, एवढ्या उनात डोक्सं कायले शिजवता?’ हा प्रश्न मला गोठ्यागोठ्यावर ऐकावा लागला, आणि तो विचारणाऱ्याच्या डोक्याला घट्ट बांधलेला पांढरा दुपट्टा असे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आतला थर धक्का शोषतो तसा वाराही अडवतो. महामार्गावर वेग असताना हवेची छिद्रे थोडी तरी काम करतात, पण गावाच्या आत दुसऱ्या गिअरमध्ये चालताना हेल्मेट म्हणजे बंद कोठीच. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरतो, अस्तराला आठवड्यात वास धरतो.

दुपट्ट्यावरून हेल्मेट घालणे हा बहुतेकांनी काढलेला मार्ग धोक्याचा आहे. दुपट्ट्याचे वेढे टाळूवर आले की हेल्मेट वर उचलले जाते, पट्टा पुरत नाही म्हणून तो सुटाच राहतो, आणि सुटा पट्टा असलेले हेल्मेट पहिल्याच आदळण्यात डोक्यावरून निघून जाते. कायद्यातही नुसते हेल्मेट डोक्यावर ठेवणे पुरेसे नाही, पट्ट्याने घट्ट बांधलेले असणे अपेक्षित आहे. मला जमलेला मार्ग असा : टाळूवर शिंप्याकडून शिवून घेतलेली एकेरी मलमलची टोपी, रोज धुतलेली, दुपट्टा ओला करून, पिळून, गळ्याभोवती आणि मानेवर, टोक हेल्मेटच्या खालच्या कडेतून नाकापर्यंत. उघड्या डोक्याच्या मानाने गरम हवेचा झोत तोंडावर येत नाही, हा पूर्ण तोंडाच्या हेल्मेटचा मोठाच फायदा निघाला. लू चालू असताना काच खाली असलेली बरी, वर असलेली नव्हे. गावात थांबलो की हेल्मेट सावलीत ठेवतो. टाकीवर उन्हात ते ठेवले की पुढचा अर्धा तास सजा होते, आणि आरशावर टांगले की आरशाच्या दांड्याने आतला थर एकाच जागी दबतो. पेट्रोल किंवा थिनरने डाग पुसू नयेत, कवच कमजोर होते.

‘हॉर्न ऐकू येत नाही’ ही तक्रार मात्र मला पटली नाही. वाऱ्याचा घोंघाट कमी होतो आणि ट्रकचा हॉर्न ऐकू येतोच. मागचे दिसत नसेल तर त्याचे कारण बहुधा काढून ठेवलेले आरसे हे असते.

आता कायद्याबद्दल, कारण आमच्या भागात हेल्मेटची खरेदी त्याच धाकाने होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरील प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट बंधनकारक आहे. पगडी घालणाऱ्या शीख व्यक्तींना त्यातून सूट आहे. नागपूरचे खासदार नितीन गडकरी केंद्रीय मंत्री असताना २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलम १९४ड आणले. त्यात १००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली, परंतु महाराष्ट्राने सुधारित दंड प्रत्यक्षात आणायला डिसेंबर २०२१ उजाडला. त्याआधी २०१६ मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही असा निर्णय जाहीर केला आणि विरोध होताच तो मागे पडला. तो टिकला असता तरी जिथे किराणा दुकानात बाटलीतून पेट्रोल मिळते तिथे त्याने काय साधले असते, हा प्रश्नच आहे.

माझे वर्षभराचे निरीक्षण असे की तपासणी तालुक्याच्या चौकात, बसस्थानकासमोर आणि महामार्गाच्या शहरातल्या तोंडाशी होते. तीही जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा मोहिमेत आणि वरून आदेश आला की. त्यामुळे लोकांना हेल्मेटची सवय लागण्याऐवजी नाकाबंदीच्या जागेची माहिती होते. हेल्मेट कोपरात अडकवून येणारा माणूस शेवटच्या पानठेल्याजवळ थांबतो, समोरून येणाऱ्याला ‘आहेत काय?’ विचारतो, आणि उत्तरानुसार ते डोक्यावर चढते किंवा चढत नाही. उलट केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल सांगतो की त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागात, आणि हेल्मेट नसलेले मृत ५०,०२९ होते. पैकी १४,३३७ मागे बसलेले. म्हणजे चालान फाटते शहराच्या तोंडाशी आणि माणूस मरतो खेड्याच्या वळणावर. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी घटतो असे निघाले, त्यामुळे वस्तूच्या उपयोगाबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. वाद अंमलबजावणीचा आहे.

गरीब देशात हे जमतच नाही, असे म्हणणाऱ्यांनी व्हिएतनामकडे पाहावे. तिथे १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर, सर्व स्वारांसाठी एकाच दिवशी सक्ती झाली आणि हेल्मेट घालणाऱ्यांचे प्रमाण थोड्याच काळात ९० टक्क्यांच्या पुढे गेले. तिथेही हलक्या दर्जाच्या टोप्यांचा प्रश्न आलाच, परंतु आधी डोक्यावर काहीतरी चढले. ‘सर्व रस्त्यांवर’ हे त्यातले मर्म आहे. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी, गावाच्या फाट्यावर, पंधरा दिवसांतून एकदा कुठेही आणि कधीही दोन शिपाई उभे राहिले, तर चौकातल्या महिनाभराच्या मोहिमेपेक्षा अधिक फरक पडेल असे मला वाटते.

कॅमेऱ्याने किंवा मोबाईलवर फोटो काढून येणाऱ्या ई-चालानाची आमच्याकडची अडचण निराळी आहे. गावातल्या कितीतरी गाड्या विकत घेणाऱ्याच्या नावावर चढलेल्याच नसतात. विक्री झाल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावे असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते. प्रत्यक्षात मालकी बदलाचे सही केलेले फॉर्म २९ आणि ३० डिक्कीत वर्षानुवर्षे पडून असतात. दंडाचा संदेश मूळ मालकाच्या, तोही बंद पडलेल्या, क्रमांकावर जातो. चालवणाऱ्याला काही कळतच नाही, आणि लोकअदालतीची नोटीस येते तेव्हा भलताच माणूस घाबरून पोलीस ठाण्यात चकरा मारतो. ज्याने गाडी विकली आहे त्याने स्वतःहून राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर जुन्या गाडीचा क्रमांक टाकून पाहावा.

मागे बसणाऱ्यांचा प्रश्न माझ्याही घरात अर्धाच सुटला आहे. लुगडे नेसून एका बाजूला बसणाऱ्या आणि अंबाडा घालणाऱ्या बाईला पूर्ण तोंडाचे हेल्मेट बसत नाही. अंबाड्यावर ते टेकते आणि पुढे झुकते. पत्नीने वेणी घालून, चेहरा उघडा राहणारे आयएसआय हेल्मेट स्वीकारले, लग्नाकार्याला जाताना मात्र ते घरीच राहते, यावर माझे काही चालत नाही. बाजारात दोन हेल्मेटे हातात घेऊन हिंडणे त्रासाचे असते, त्यासाठी सायकलची जुनी साखळी आणि कुलूप सीटखालच्या दांड्याला लावून दोन्ही अडकवतो. पूर्ण तोंडाच्या हेल्मेटात पट्ट्याच्या खटक्यातून नव्हे, हनुवटीच्या भागातून साखळी घालावी, कारण पट्टा ब्लेडने कापता येतो. चार वर्षांखालच्या मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिन्यांपुढे हेल्मेट, चालकाशी बांधणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असा नियम आहे, परंतु तेवढ्या लहान मापाचे हेल्मेट मला आर्णीत मिळाले नाही. पुतणीसाठी ते यवतमाळहून मागवावे लागले. तोवर तिला टाकीवर बसवणे बंद केले आणि पोळ्याला ती एस.टी.ने आली.